लमीनच्या नावाची झावळी

लमीनचा चाळिसावा आणि आमच्या शर्फियाची, म्हणजे समुद्रात झावळ्यांच्या भिंती रोवून मासे अडवायच्या जागेची, पहिली झावळी एकाच दिवशी आली, ते काही कुणी ठरवून केलेलं नव्हतं. ओहोटी कुणाच्या घरी कोण गेलंय ते बघून येत नाही. शाद्ली, म्हणजे माझा नवरा आणि या घरातला थोरला, म्हणाला, "आज नाही रोवली तर पुढची मोठी ओहोटी पंधरा दिवसांनी. सगळ्या करकना बेटाच्या भिंती उभ्या राहतील आणि आपली जागा तेवढी बोडकी दिसेल." लमीन, त्याचा धाकटा भाऊ, असता तर म्हणाला असता, दिसू दे की बोडकी, माशांनाही एक वर्ष मोकळं फिरू दे. पण लमीन नव्हता, म्हणून शाद्लीला कुणी उलट बोललं नाही.

खरी पंचाईत झावळीची नव्हती, नावांची होती. पहिली झावळी समुद्राच्या तळाशी रोवताना घरातला थोरला कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि गेलेल्यांची नावं घेतो. नुसती नावं नाही, कशानं नेलं तेही सांगतो. हादी, ज्याला वादळानं नेलं. खदीजा, जिला बाळंतपणानं नेलं. सालिम, ज्याला म्हातारपणानं नेलं. आजूबाजूच्या शर्फियांवरची माणसं हातातलं काम थांबवून ऐकतात आणि आमीन म्हणतात. माझे सासरे, हेच ते सालिम, सांगायचे की एरवी काय थापा मारायच्या त्या मारा, पण या पाण्यात उभं राहून खोटं बोलायचं नाही.

आणि खोटं तर मीच बोलले होते. चाळीस दिवसांपूर्वी पहिली शेजारीण दारात आली तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "हृदय बंद पडलं गं बाई." मला कुणी शिकवलं नव्हतं. इमामसाहेब जनाज्याची नमाज पढणार नाहीत, कबर कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर खणायला लावतील, असलं काहीबाही डोक्यात आलं आणि जीभ आपोआप चालली. घरानं ते उचलून धरलं. लमीननं स्वतःच्या हातानं जीव दिला. कसा, ते मी सांगणार नाही. अडतीस वर्षं तो जगला, त्यात एकच दिवस तसा होता, आणि त्याची आठवण त्या एका दिवसानं काढायची हे मला पटत नाही.

सकाळी कुराणपठण होतं, मग जेवण. लल्ला मब्रूका, माझ्या सासूबाई, अंगणात बसून कुसकुसचा रवा चाळत होत्या. त्यांच्या मागे खिडकीत एक चहाचा पेला होता, तळाशी पुदिन्याची पानं वाळून चिकटलेली. लमीनला चहा अर्धा पिऊन विसरायची खोड. खिडकीत, कठड्यावर, माशांच्या सापळ्यांमागे, जिथे तिथे त्याचे अर्धे पेले सापडायचे आणि मी त्याच्या नावानं खडे फोडायची. हा शेवटचा पेला लल्ला कुणाला धुवू देत नव्हत्या. मीही आता कसले खडे फोडणार? मला तर वाटायचं, अजून कुठेतरी एखादा पेला सापडावा.

मागच्या खोलीत बेया पडली होती. ही माझी नणंद, लमीनच्या पाठची, एकतीस वर्षांची. बेटावरच्या शाळेत शिकवते. शाळा उघडून दहा दिवस झाले होते आणि ही एक दिवसही गेली नव्हती.

"बेया, ऊठ गं. पन्नास माणसं जेवायला येणार आणि घरची लेक भिंतीकडे तोंड करून."

"उठते, वहिनी."

"हे तू सकाळपासून चार वेळा म्हणालीस."

"चारही वेळा खरंच उठणार होते."

मी हसले. नेहमीसारखी उलटून बोलली म्हणजे बरी आहे, असं मला वाटलं. अक्कल कुठे गहाण पडली होती माझी, कोण जाणे.

माणसं आली, जेवली, लमीनबद्दल चांगलं बोलून गेली. मागे आम्ही पाचजण उरलो. अंगणात खजुरीच्या झावळ्यांचा ढीग पडला होता. त्यांच्या बुडाचे काटे काढून टोकं तासायची, की झावळी वाळूत नीट बसते. शाद्ली लमीनच्या कोयत्यानं तासत होता. तो कोयता लमीननं त्या शेवटच्या शुक्रवारी आपण होऊन त्याला दिला होता. त्याआधी कुणी त्याला हात लावला तर तो हातघाईवर यायचा.

तासता तासता शाद्ली ओठांतल्या ओठांत नावं घोकत होता. तेवढ्यात बेया दारात येऊन उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते, पायात काही नव्हतं.

"लमीनचं काय म्हणणार आहेस?"

शाद्लीनं मान वर केली नाही. "सगळ्यांना माहीत आहे तेच. हृदयानं नेलं."

"पाण्यात उभं राहून?"

"बेया, तू आत जा. तुला बरं नाही."

"मला काय झालंय? सांग ना. काय झालंय मला, शाद्ली?"

"थकली आहेस."

"लमीनलाही तू सात वर्षं थकलेलाच म्हणत होतास."

नजीहा, लमीनची बायको, एका कोपऱ्यात दोर वळत बसली होती. चाळीस दिवसांत ती आमच्याशी चाळीस वाक्यंही बोलली नव्हती. आता ती दोरावरून नजर न काढता म्हणाली, "त्याला तुमच्या लाजेनं नेलं. ते म्हणा पाण्यात. खरंच बोलायचं असेल तर ते म्हणा."

शाद्लीच्या हातातला कोयता थांबला. "आमच्या लाजेनं? आणि तू कुठे होतीस त्या दिवशी? पलीकडे स्फाक्स शहरात मावसबहिणीच्या लग्नात मेंदी लावून बसली होतीस."

"शाद्ली!" मी ओरडले. पण शब्द सुटला होता.

नजीहा रडली नाही. तिनं आपला तळवा उलटा करून बघितला, मेंदी अजून तिथेच असल्यासारखं. "हो. होते. तीन दिवस. तोच म्हणाला, जा, माझ्याबरोबर राहून तू हसायची विसरलीस. बोटीपर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, बरा दिसतोय. बोट सुटली तेव्हा तो हात हलवत होता आणि मी पिशवीत बांगड्या शोधत होते. मी नीट बघितलंसुद्धा नाही त्याच्याकडे."

"तुझं काही नाही त्यात, पोरी," लल्ला म्हणाल्या. सकाळची रिकामी चाळण अजून त्यांच्या मांडीवर होती, ती त्यांनी खाली ठेवली. "गोळ्या मी बंद केल्या."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"रमजानच्या पहिल्या दिवशी आला माझ्याकडे. म्हणाला, उम्मी, माझी गोळी सकाळची असते, रोजा मोडेल. मी म्हटलं, मग नको घेऊस, अल्ला बघून घेईल. तीसच्या तीस रोजे केले त्यानं. मी दारोदार सांगत फिरले, माझ्या लमीननं एक रोजा सोडला नाही." त्या थांबल्या, मग पुन्हा म्हणाल्या, "आजाऱ्याला रोजा माफ असतो, हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्या सासूला साखरेचा आजार होता. भर रमजानात दुपारी मीच तिला भाकर भरवायची. पण लमीनला मी आजाऱ्यांत धरलंच नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता. चांगला उंचपुरा माझा पोरगा. त्याला कसला आजार?"

पुढे कधीतरी शाद्लीनं मला सांगितलं की त्या क्षणी त्याला आईचा राग आला नाही. हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची इतकी लाज वाटली की बोलल्याशिवाय राहवेना. गेल्या वर्षी बंदरावर लमीन म्हणाला होता, आज माझ्यानं पाण्यात उतरवत नाही. तेव्हा शाद्लीनं चारचौघांत टोमणा मारला होता, "पाठी दुखतात तशी मनं दुखायला लागली तर मासे काय चालत घरी येणार आहेत?" सगळे हसले होते. लमीनही हसला होता.

"तो हसला," शाद्ली आता सांगत होता. "मी म्हटलं, बरं झालं, मनावर घेतलं नाही."

मग मीही बोलले. कोयत्याचं. लमीन शाद्लीला कोयता देत होता तेव्हा मी तिथेच होते आणि म्हणाले होते, "अरे वा, सूर्य कुठून उगवला आज?" इतकंच. पण माझ्या डोक्यात ते वाक्य चाळीस दिवस वाजत होतं.

बेया भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होती. अचानक ती हसली, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं.

"वाटणीला बसल्यासारखे बसलोय आपण. जो तो म्हणतोय, पाप माझंच, दुसऱ्याला चतकोर नाही द्यायचं. माझंही घ्या मग. आदल्या दिवशी तो माझ्या दारात आला होता. म्हणाला, चल, बाहेर बसून चहा पिऊ. मी म्हटलं, उद्या. कारण माझ्यानं अंथरुणातून उठवत नव्हतं. त्याला नाही म्हणायचं नव्हतं मला. खरंच उठवत नव्हतं."

"उठवत नव्हतं म्हणजे?" लल्लांनी विचारलं.

"मी त्याच्या डॉक्टरबाईंकडे गेले होते, उम्मी. दुसऱ्या आठवड्यात. कापड आणायला स्फाक्सला जाते म्हणाले होते ना, तेव्हा. त्यांना विचारलं, तो का गेला? नक्की कशानं? त्या म्हणाल्या, एक कारण शोधाल तर सापडणार नाही, आणि सापडलं असं वाटलं तर ते खोटं असेल. आजार होताच. वरून औषध सुटलं, झोप गेली. मोठ्या जहाजांनी तळ खरवडून समुद्र रिकामा केला, त्याचा घोर होता. लाज होती. एकेक गोष्ट हजारो माणसांच्या वाट्याला येते आणि ती जगतात. त्याच्यावर सगळं एकाच वेळी आलं, आणि आजार असा की दुसरी वाट दिसूच देत नाही."

"म्हणजे कुणाचीच चूक नाही?" शाद्लीनं विचारलं. माझा नवरा बावन्न वर्षांचा, पण आवाज शाळेतल्या पोरासारखा आला.

"मीही हेच विचारलं. त्या म्हणाल्या, चुका झाल्या असतील. पण चूक म्हणजे खून नव्हे."

नजीहानं दोर खाली ठेवला. ती उठून बेयाच्या समोर जाऊन बसली. या दोघी एकमेकींना कधी फारशा मानवल्या नव्हत्या. बेयाला वाटायचं, हिनं माझा भाऊ नेला, आणि नजीहाला वाटायचं, हिचा भाऊ पूर्ण मला कधी मिळालाच नाही. नजीहा म्हणाली, "तू डॉक्टरबाईंकडे त्याच्यासाठी गेली नव्हतीस."

"नाही. माझ्यासाठी."

"बेया, तुझ्या मनात मरायचं येतं का?"

अंगणात असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मला वाटलं, असं विचारलं तर तेच तिच्या डोक्यात भरेल. आता मला कळतं की ते आधीच तिथे होतं, आणि इतके दिवस ती त्याच्याबरोबर एकटी होती.

"येतं," बेया म्हणाली. "रोज नाही. मरायची हौस नाही गं मला. हे थांबावं असं वाटतं. लमीन हवासा वाटतो, आणि तो मिळत नाही, आणि सकाळ होते, आणि पुन्हा तेच. उद्या सकाळच्या बोटीनं बोलावलंय डॉक्टरबाईंनी. म्हणाल्या, एकट्या येऊ नका, घरातलं कुणीतरी घेऊन या."

"उद्या?" शाद्ली गडबडला. "उद्या बाजाराचा दिवस. अर्धं बेट असेल बोटीवर. आठवडाभर थांब, मग गुपचूप..."

"गुपचूप तोही जायचा. सात वर्षं. औषधाची चिठ्ठी बुटात लपवून आणायचा." बेयानं त्याच्या हाताकडे बघितलं, त्यातल्या कोयत्याकडे. "तू आज पाण्यात हृदय म्हणालास ना, तर उद्या बोटीवर मी काय सांगू? भावाला हृदयानं नेलं, मग मला कुठे नेताय? त्याच्या आजाराला नाव नाही, तर माझ्याही नाही. मग मी उठणार नाही, शाद्ली. तुला घाबरवत नाहीये. मला खरंच जमणार नाही."

शाद्ली उठला, झावळ्यांचा भारा खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "ओहोटी लागली." एवढंच. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. पण त्याची मान मी मागून बघितली. तीस वर्षांच्या संसारात ती मान इतकी खाली गेलेली मी पाहिली नव्हती.

किनाऱ्यावर आम्ही सगळ्या गेलो. बेयाही आली, नजीहाच्या हाताला धरून, अनवाणीच. पाणी लांबवर ओसरलं होतं. डावीकडे, उजवीकडे शेजारच्यांच्या शर्फियांवर माणसं कामाला लागली होती. शाद्ली चालत आत गेला, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, पहिली झावळी तळात खुपसली आणि नावं घ्यायला लागला. माणसं थांबली.

"हादी, ज्याला वादळानं नेलं."

"आमीन."

"खदीजा, जिला बाळंतपणानं नेलं. सालिम, ज्याला म्हातारपणानं नेलं."

"आमीन."

"लमीन," शाद्ली म्हणाला, "ज्याला..."

आणि थांबला. तोंड उघडं होतं, शब्द येत नव्हता. खोटं बोलवेना आणि खरं निघेना. पाण्यावर आवाज लांब जातो, तशी शांतताही जाते. शेजारचा एक म्हातारा आमीन म्हणायला हात वर करून तसाच उभा राहिला.

माझ्या शेजारून लल्ला चालायला लागल्या. आमच्या घरात झावळी रोवायला बायका कधी पाण्यात उतरलेल्या नाहीत. मी म्हटलं, "लल्ला, कुठे निघालात?" त्यांनी ऐकलं नाही. काठावर ठेवलेल्या भाऱ्यातली एक झावळी ओढून घेतली आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरल्या. सत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांनी अधू, लाटेनं हलत होती पण थांबत नव्हती. शाद्लीनं पुढे होऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी झावळी तळात दाबली, आणि मग त्या बोलल्या. फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"लमीन, माझा मुलगा. त्याला हृदयानं नेलं नाही. त्याला मनाच्या आजारानं नेलं. सात वर्षं तो आजारी होता आणि मला दिसलं नाही."

माझा जीव टांगणीला लागला. मग तो हात वर केलेला म्हातारा म्हणाला, "आमीन." त्याच्या मागून आणखी एक. मग सगळीकडून, एकेक करत. पलीकडच्या शर्फियावरचा एक दांडगा माणूस तोंड फिरवून रडत होता. त्याच्या घरात काय झालं होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला वाटलं, झालं. पण लल्ला वळल्या नाहीत. त्यांनी रोवलेल्या झावळीवर हात ठेवला आणि खाली पाण्यात बघत राहिल्या. मग शाद्लीशी बोलल्यासारखं, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाल्या, "हा सहा वर्षांचा होता. इथेच, सापळा उपसताना तुझ्या बापाला विचारत होता, बाबा, मागे तोंड उघडंच आहे की, मग मासा वळून बाहेर का जात नाही? तुझा बाप हसला. म्हणाला, त्याला ते दिसत नाही. तर हा सापळ्याला तोंड लावून माशाला ओरडून सांगायला लागला, मागे वळ, मागे वळ. माझा लमीन असा होता रे. असा होता तो."

शाद्लीनं आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि हमसून रडला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

लल्ला बाहेर आल्या तेव्हा अंगावरून पाणी गळत होतं. त्या सरळ बेयासमोर गेल्या, आणि तिचे केस मागे करत, शेजारच्या शर्फियांनाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळच्या बोटीनं मी माझ्या लेकीला डॉक्टरकडे नेतेय. कुणी विचारलं तर मी सांगेन कशासाठी. तू काही बोलू नकोस, तू नुसती माझ्या शेजारी बस."

"उम्मी, मी सकाळी उठले नाही तर?"

"तर मी तुझ्याजवळ बसेन. दुपारची बोट आहे. दुपारी नाही जमलं तर संध्याकाळची आहे." लल्लांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "त्याला मी सांगितलं असतं तर तो वळला असता का, ते मला आता कधीच कळणार नाही. पण तुला मी सांगणार. रोज सांगणार, तू कंटाळलीस तरी सांगणार. मागे वाट आहे गं माझे राणी. मागे वाट आहे."